सरडा प्रजाती

सरीसृप वर्गाच्या ॲगॅमिडी कुलातील, दख्खनच्या उघड्या व रुक्ष मुलखात राहणाऱ्या सरड्यांची प्रजाती. नराच्या गळ्याखाली पंख्याप्रमाणे उघडमीट होणारी त्वचेची रंगीत पिशवी हे तिचे ठळक लक्षण होय. ‘सरडा’ हेच तिचे शास्त्रीय नावही असून ते मराठी बोलीतून घेतले आहे. हे नाव २०१६ मध्ये देण्यात आले. त्यापूर्वी सुमारे दीड शतक हे प्राणी दुसऱ्याच प्रजातीत, आणि बराच काळ दुसऱ्याच जातीच्या नावाखाली, मोडत होते.

फ्रेंच शास्त्रज्ञ झॉर्झ क्यूव्ह्ये यांनी १८२९ मध्ये पंख्यासारख्या गळ्याच्या एका लहान भारतीय सरड्यास सिटाना पाँटिसेरियाना हे नाव दिले. यातील दुसरे पद पाँडिचेरीवरून आले आहे. मद्रासच्या लष्करातील शल्यचिकित्सक व ख्यातनाम प्राणिशास्त्रज्ञ टॉमस जर्डन यांना दख्खनमधील मोठ्या, गडद रंगांच्या गळ्याचा सरडा याहून निराळा वाटला आणि १८७० मध्ये त्यांनी त्यास सिटाना डेक्कनेन्सिस म्हटले. जर्डन यांचा कयास बरोबर होता. तथापि तो मान्य झाला नाही. पुढील ग्रंथकारांनी आकार व रंग यांतील फरक एकाच जातीतील स्थानिक भेद मानले. माल्कम स्मिथ यांच्या भारतीय सरड्यांवरील १९३५ च्या ग्रंथानंतर हाच परिपाठ रूढ राहिला. त्याचा परिणाम केवळ ग्रंथांपुरता नव्हता. जो प्राणी तमिळ किनाऱ्यापासून महाराष्ट्रापर्यंत सर्वत्र आढळतो असे पुस्तक सांगते, त्याच्या एखाद्या पठारावरील वस्तीची चिंता कोणी करीत नाही.

व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांचे सहकारी यांनी द्वीपकल्पातील निरनिराळ्या ठिकाणांहून मिळविलेल्या नमुन्यांची शरीररचना व जनुकीय अनुक्रम यांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत या सरड्यांच्या दोन स्वतंत्र शाखा असल्याचे दिसून आले. सिटाना हे नाव एका शाखेकडे राहिले. दुसरीस सरडा हे नाव मिळाले. जर्डन यांची जाती सरडा डेक्कनेन्सिस या नावाने पुन्हा मान्य झाली. सरडा डार्विनी व सरडा सुपर्बा या दोन जाती नव्याने वर्णिल्या गेल्या. यांपैकी सुपर्बा ही सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील नमुन्यांवरून स्थापन झाली.

रेवदंडा, चौल, अलिबाग या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत नेहमी दिसणारा सरडा याच कुलातला, पण कॅलोटीस प्रजातीचा असून तो झाडाझुडपांवर वावरतो. सरडा प्रजातीतील प्राणी मात्र जमिनीवर राहणारे आहेत. दाट सावलीपेक्षा त्यांना विरळ गवत, मुरूम आणि मोकळा खडक मानवतो. चाळकेवाडीचे पठार काही वाळवंट नव्हे. तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. परंतु जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ असल्याने पाणी टिकत नाही, हिवाळ्यात गवत वाळते आणि उन्हाळ्यात सडा तापून निघतो. कोरड्या प्रदेशातील सरड्यांप्रमाणे यांनाही अशा भूमीवर धावण्याची सोय लाभली आहे. मागील पाय लांब असून त्यांना चारच बोटे असतात, आणि पाठलाग झाल्यास प्राणी पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर पळतो. पाठीचा तपकिरी रंग व त्यावरील गडद चौकटी मातीत मिसळून जातात. किडेमुंग्या हे मुख्य खाद्य होय.

सुपर्बाच्या नराची गळपिशवी निळी, काळी व नारिंगी असते. विणीचा हंगाम पावसाळ्यापूर्वीचा. उन्हाळ्यात नर एखाद्या उंच दगडावर चढतो आणि पिशवी झपाझप उघडमीट करतो. हे प्रदर्शन मादीला आकर्षित करण्यासाठी व इतर नरांना दूर ठेवण्यासाठी असते. उघड्या माळावर ते शत्रूच्याही नजरेस पडते, हे उघड आहे. सरडे टिपणारे शिकारी पक्षी आकाशात घिरट्या घालीत असतात. त्यामुळे दिसणे आणि न दिसणे यांचा तोल या प्राण्याला सतत सांभाळावा लागतो.

हा तोल माणसाने कसा बदलला हे चाळकेवाडीलाच आढळून आले. जोरदार वाऱ्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे पवनचक्क्या उभारल्या गेल्या. मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी चक्क्यांच्या भागापेक्षा सुमारे चौपट आढळले. उलट सरड्यांची दाटी चक्क्यांखाली अधिक होती. तेथील सरड्यांच्या रक्तात तणावदर्शक संप्रेरकाचे प्रमाण कमी होते आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नसत. मात्र ते अंगाने कृश होते आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते. वाढलेली संख्या पाहून प्राणी सुखात आहे असे अनुमान काढणे येथे चुकीचे ठरेल: शत्रू कमी झाल्याने सरडे वाढले आणि भक्ष्यासाठी आपसांतील स्पर्धाही वाढली असावी. पवनचक्की हवा प्रदूषित करीत नाही हे खरे असले, तरी पक्ष्यांना हुसकावून ती शिकारी प्राण्याचेच काम करते, असा अभ्यासकांच्या निष्कर्षाचा आशय आहे.

अशा जागा निवडल्या जाण्यामागे जमिनीच्या वर्गवारीचाही वाटा आहे. केंद्र शासनाच्या भूमिसंसाधन विभागाने राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या साहाय्याने प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात उघडा खडक व विरळ झुडपांची जमीन यांना स्वतंत्र वर्ग आहेत. शेतीच्या किंवा वनाच्या दृष्टीने ही जमीन निरुपयोगी असेल, परंतु सरडा प्रजातीचे वसतिस्थान नेमके तेच आहे.

सुपर्बा जातीचे वर्णन होण्याआधीच चाळकेवाडीला चक्क्या उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे वरील अभ्यासातील तुलना पूर्वीच्या पठाराशी नसून त्याच पठाराच्या चक्क्या नसलेल्या शेजारच्या भागाशी केलेली आहे.