फौजेचं जीपीएस आणि बांधाची हद्द

शिरूर-दौंड पट्ट्यात मोजणीची तारीख लागली आणि वावरात रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, उभा राहिला, की बघ्यांतलं कुणीतरी म्हणतंच, "हे साधं जीपीएस. खरं अचूक ते फौजेकडं." मग कारगिलच्या लढाईत अमेरिकेने भारताला जीपीएसची माहिती नाकारल्याची गोष्ट निघते. समुद्राबद्दलही समज हाच: नौदलाला नेमकी जागा कळते, बाकीच्या बोटी अंदाजाने चालतात.

पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. मे 2000 पर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम खोट मिसळत असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुके. कारगिलची गोष्ट जशीच्या तशी खरी धरली, तरी ती 1999 ची. पुढे क्लिंटन सरकारने खोट बंद केली, आणि 2007 मध्ये नव्या पिढीच्या उपग्रहांत ती सोयच न ठेवण्याचं जाहीर झालं. गंमत अशी, की खोट चालू असतानाही किनाऱ्याजवळची नागरी जहाजं तिच्यावर मात करत होती. जागा पक्की ठाऊक असलेल्या केंद्राने चूक मोजायची आणि रेडिओवरून जहाजांना कळवायची. अमेरिकेत ही सेवा चालवली ती तिथल्याच तटरक्षक दलाने!

आज लष्करी आणि नागरी दोघांचे उपग्रह तेच, घड्याळंही तीच. लष्कराचा जुना फायदा दोन वारंवारितांचा. वातावरणाच्या वरच्या थरात संदेशाला होणारा उशीर त्यांच्या तुलनेतून काढता येतो. हा फायदा आता काही मोबाइलनाही मिळतो. उरतो तो सांकेतिक संदेश: त्याची नक्कल करून फसवणं फार कठीण. युद्धात हे लाखमोलाचं, पण याला बंदोबस्त म्हणावं, अचूकपणा नव्हे. उलट भूकरमापकाचा रोव्हर 'कॉर्स' या जागा पक्की ठाऊक असलेल्या कायम केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन काही सेंटिमीटरांपर्यंत पोचतो. हे तंत्र नागरीच.

आणि यंत्र अचूक असूनही जहाज फुटतं. 17 जानेवारी 2013 रोजी अमेरिकी नौदलाची 'गार्डियन' ही सुरुंगशोधक नौका फिलिपिन्सजवळ तुब्बताहाच्या प्रवाळावर चढली. लष्करी डिजिटल नकाशात तो खडक सुमारे आठ सागरी मैल सरकलेला होता. दुसऱ्या नकाशात तो बरोबर जागी होता. ताडून कुणी पाहिलं नाही. नौका शेवटी तुकडे करून हलवावी लागली.

दौंडच्या बांधावर गत निराळी नाही. रोव्हर सेंटिमीटरांत बोलतो, पण त्याचं बोलणं जुळवायचं असतं ते 33 फुटी शंकू साखळीने धरलेल्या मापांशी. त्या साखळीचे सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. वर जमीन एकत्रीकरणात झालेले गट वेगळेच. तेव्हा मोजणीवर हरकत घ्यायचीच असेल, तर यंत्र फौजेचं की साधं हा प्रश्न सोडावा. मूळ टिपण मागावं, गट नकाशा मागावा, आणि रोव्हरच्या खुणा त्यांवर कोणत्या जुन्या दगडांच्या आधाराने बसवल्या, हे विचारावं.