ताई ची करताना शरीराचा भार कसा सांभाळावा?

ताई ची हा मूळचा चीनमधील व्यायामप्रकार. हालचाली संथ असल्याने तो अगदी निर्धोक वाटतो. तरीही काही जणांचे गुडघे किंवा कंबर दुखू लागते. अनेकदा त्यामागे एकच कारण असते: शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, याकडे लक्ष नसते.

भार कोणत्या पायावर?

ताई चीमध्ये भार पेलणाऱ्या पायाला ‘भरलेला’ आणि दुसऱ्याला ‘रिकामा’ म्हणतात. एक पाय पुढे वाकवून उभे राहताना यांग शैलीत साधारण ७० टक्के भार पुढच्या आणि ३० टक्के मागच्या पायावर असतो. पाऊल टाकण्यापूर्वी सर्व भार एका पायावर घ्या आणि रिकामा पाय अलगद उचलून पाहा. हिसका द्यावा लागला, तर भार पूर्ण सरकलेला नाही.

गुडघा कसा ठेवावा?

• वाकलेला गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका.
• तो आत झुकू न देता पावलाच्या दिशेतच ठेवा.
• पाऊल वळवण्याआधी त्यावरचा भार कमी करा. भार असताना वळल्यास गुडघ्यातील कूर्चेच्या गादीला पीळ पडतो.

पुढे कलणे चुकीचे आहे का?

नेहमीच नाही. यांग शैलीत धड सरळ ठेवतात, तर वू ज्यानच्वान यांच्या वू शैलीत ते पुढे कलते. मात्र तिथेही पाठ सरळ राहते आणि कल खुब्यातून येतो. पाठीला पोक काढून वाकल्यास कमरेच्या स्नायूंवर सतत ताण येतो. नवशिक्यांनी धड सरळ ठेवणेच बरे.

याचा फायदा काय?

भार सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याच्या सरावाने तोल सुधारतो. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांचा समावेश होता. २४ आठवड्यांनंतर ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला होता आणि नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले होते. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडले की अंथरूण धरावे लागू शकते, म्हणून हे महत्त्वाचे.

डॉक्टरांना कधी विचारावे?

चक्कर येत असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा सांधा बदललेला असेल, तर सुरू करण्यापूर्वी विचारा. सुरुवातीला खुर्ची किंवा भिंत हाताशी ठेवा आणि गुडघे थोडेच वाकवा. गुडघा सुजला किंवा अडकू लागला, तर सराव थांबवून तपासून घ्या.