बुऱ्हाणपूरचा एक मृत्यू आणि क्ष-किरणांची साक्ष



तापीकाठच्या आपल्या या नगरीने मोगल घराण्यातील अनेक मृत्यू पाहिले. १६३१ साली मुमताज महल येथे प्रसूतीत निवर्तली. त्या मृत्यूच्या कारणाविषयी वाद नाही. वाद आहे तो तिच्या थोरल्या दिराच्या, शाहजादा खुस्रूच्या मृत्यूविषयी.

खुस्रू हा जहांगीराचा ज्येष्ठ पुत्र. १६०६ साली त्याने पित्याविरुद्ध बंड केले आणि पुढे त्याची दृष्टी अधू करण्यात आली. अखेर तो धाकटा भाऊ खुर्रम, म्हणजेच भावी शाहजहान, याच्या ताब्यात दिला गेला. १६२२ साली तो बुऱ्हाणपुरात अकस्मात मरण पावला. पोटशुळाने, असे खुर्रमने कळविले आणि जहांगीराने आत्मवृत्तात तसेच नोंदविले. त्या काळच्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या लिखाणात मात्र गळा आवळल्याची वार्ता आहे.

आज असा मृत्यू घडला तर प्रेत न चिरताही पुष्कळ शोध घेता येतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे गेल्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत आकारास आली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२१ पासून तिचा अवलंब होऊ लागला. सीटी स्कॅनमध्ये मोडलेले हाड, रुतलेली गोळी, मेंदूतील रक्तस्राव स्पष्ट दिसतो. परंतु हृदयविकाराचा झटका साध्या सीटीत अनेकदा निसटतो, आणि विष ओळखण्यास रासायनिक तपासणीच लागते.

मग खुस्रूच्या अस्थींची छायाचित्रे घेतली तर निकाल लागेल काय? मला तसे वाटत नाही. गळा आवळल्याने कंठास्थी मोडू शकते. पण तरुण वयात ती पुष्कळदा अभंगही राहते. म्हणून अभंग हाड खुर्रमला निर्दोष ठरविणार नाही. मोडलेले हाडही निर्णायक नव्हे, कारण हा देह बुऱ्हाणपुरातून आग्र्यास आणि तेथून अलाहाबादेस हलविला गेला. पोटशूळ तर हाडावर खूणच ठेवीत नाही.

इजिप्तच्या तुतनखामेन राजाचे उदाहरण येथे बोलके आहे. १९६८ साली क्ष-किरणांत त्याच्या कवटीत हाडांचे तुकडे दिसले आणि खुनाचा तर्क जगभर पसरला. २००५ च्या सीटी स्कॅनने दाखविले, की ते तुकडे मृत्यूनंतर सुटलेले होते. डोक्यावर घाव बसल्याचा पुरावा नव्हता. चित्र खोटे नव्हते, वाचन घाईचे होते. बखरीप्रमाणे चित्रालाही आपली मर्यादा असते.

म्हणून वर्गात मी शाहजहानला खुनी म्हणत नाही आणि निर्दोषही म्हणत नाही. संशय आहे, इतकेच सांगतो.

विद्यार्थी मित्रहो, उद्या कोणाच्या घरी असा आकस्मिक मृत्यू ओढवला, तर देहाची चिरफाड नको, असे आप्तांना वाटणे स्वाभाविक आहे. जेथे चित्राने भागेल तेथे ते दुःख टळेल. परंतु जेथे डॉक्टर शवविच्छेदन आवश्यक म्हणतील, तेथे त्यांना अडवू नका. कारण वेळीच न शोधलेल्या एका मृत्यूचा संशय या शहरात चारशे वर्षे रेंगाळला आहे.