जुनी हायब्रिड मोटार घेताना बॅटरीची तपासणी आवश्यक

वापरलेली हायब्रिड मोटार खरेदी करताना तिच्या उच्च दाबाच्या बॅटरीची स्थिती सर्वप्रथम तपासावी, कारण ती बदलण्याचा खर्च मोठा असतो. भारतात २०२२ मध्ये दाखल झालेल्या टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी दिली गेली. त्यामुळे मोटारीची विक्री-तारीख व धावलेले अंतर सेवा-नोंदींशी ताडून पाहावे आणि उर्वरित हमी नव्या मालकास लागू होते का, याची लेखी खात्री करावी.

अधिकृत सेवा केंद्रात बॅटरीची संगणकीय चाचणी करून घ्यावी. अनेक मोटारींत मागील आसनाजवळ असलेली बॅटरीची हवेची जाळी धुळीने बुजल्यास बॅटरी तापून तिचे आयुष्य घटते. पुरात बुडालेली मोटार टाळावी. नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारांना स्वतः हात लावू नये.