थडग्यातले आणि पिंपळावरचे

थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएंडला अल्गोंक्विन पार्कला पानगळीचे रंग बघायला जाणे हा आपल्या विंडसरकर मराठी मंडळींचा एव्हाना कुळाचारच झाला आहे. आम्हीही जातो. एका वर्षी पार्कात इतकी गर्दी होती की कंटाळून हायवे ६० वर तसेच पूर्वेला निघालो, आणि बॅरीज बे ओलांडल्यावर विल्नो नावाचे चिमुकले गाव लागले. रस्त्याच्या वरच्या अंगाला गावाच्या मानाने बरेच मोठे चर्च, खाली जुन्या लाकडी घरांचे छोटेसे वारसा-उद्यान. पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला पोलिशसारखी दिसणारी एक भाषा. ती काशुबी निघाली.

थर्मासमधला चहा तिथे संपवून आम्ही घरी आलो. कॅनडातल्या व्हँपायरांचे माहेर म्हणून या गावाचे नाव अभ्यासकांच्या पुस्तकांत येते, हे मला बऱ्याच नंतर कळले. आधी माहीत असते तर मुलीने मला तिथून हलूच दिले नसते!

काशुबी लोक मूळचे बाल्टिक समुद्रकाठचे, आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या आसपासचे. त्या काळी तो मुलूख प्रशियाच्या ताब्यात होता. १८५८ पासून ही कुटुंबे ओंटॅरिओत येऊ लागली. त्यांना ओपिओंगो रस्त्याच्या बाजूने जमिनी मिळाल्या त्या दगडधोंड्यांच्या. तिथे त्यांनी शेती केली, लाकूडतोड केली, चर्च बांधले आणि भाषा टिकवली. भाषेबरोबर बाकीचेही काही टिकले. जॅन पेर्कोव्स्की नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने या लोकांच्या घरी बसून जुन्या समजुती टिपून घेतल्या, आणि ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने १९७२ मध्ये त्या छापल्या. शीर्षकाचा मराठीत अर्थ 'ओंटॅरिओच्या काशुबी लोकांतील व्हँपायर, बुटके आणि चेटकिणी' असा होतो.

त्यातली समजूत थोडक्यात अशी. मूल दात घेऊन जन्मले, किंवा डोक्यावर पातळ पडद्याची टोपी घेऊन जन्मले, तर ते मेल्यावर व्हँपायर होण्याचा धोका. टोपीवाल्याला उपाय होता. तो पडदा वाळवून जपून ठेवायचा आणि मूल सात वर्षांचे झाले की त्याची राख त्याला खायला घालायची. उपाय राहून गेला, तर मृत्यूनंतर पेटीत बंदोबस्त करायचा. क्रूस ठेवायचा, कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे तो गाठी सोडवत बसेल. किंवा खसखस घालायची, म्हणजे दाणे मोजत बसेल. एवढे करूनही घरात एकामागून एक माणसे जाऊ लागली, तर थडगे उघडून मुंडके तोडायचे आणि पायांशी ठेवायचे. या व्हँपायराला काळा झगा नाही, किल्ला नाही, इंग्रजी उच्चार नाहीत. तो आपल्याच घरचा माणूस, आणि आधी आपल्याच नातेवाइकांना नेतो.

पुस्तक आले आणि गहजब झाला. प्रकरण थेट कॅनडाच्या संसदेपर्यंत गेले. शंभर वर्षे घाम गाळून उभ्या राहिलेल्या समाजाची सरकारी संग्रहालयाने ही ओळख करून द्यावी, हे लोकांच्या जिव्हारी लागले. मला दोन्ही बाजू कळतात. समजा, एखादे प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आपल्या मंडळाच्या पिकनिकला आले आणि एखाद्या आजींशेजारी खुर्ची ओढून बसले. आजी भानामतीपासून चकव्यापर्यंत सगळे रंगवून सांगणार, कारण इतक्या आस्थेने त्यांना कोणी विचारलेलेच नसते. पुढे 'ओंटॅरिओच्या मराठी लोकांतील हडळी' असे पुस्तक निघाले, तर पहिला ई-मेल आपणच खासदाराला पाठवू. पण प्राध्यापकांनी लिहिले नसते तर तो सगळा ठेवा त्या आजींबरोबरच गेला असता, हेही तितकेच खरे.

आता मूळ प्रश्न. व्हँपायर खरोखर होते का? याचे उत्तर 'नाही' एवढेच देऊन थांबता येते, पण मग पुरावे पाहण्याची मजा जाते. कारण पुरावे आहेत, आणि तेही लष्करी डॉक्टरांच्या सह्यांचे!

सर्बियातले मेद्वेजा हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. आर्नोल्ड पाओले नावाचा एक शिपाईगडी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. पुढे गावात माणसे मरू लागली, तेव्हा चाळीसएक दिवसांनी त्याला उकरून काढले. प्रेत सडलेले नव्हते, नाकातोंडातून ताजे रक्त आलेले, जुनी नखे गळून नवी आलेली. छातीत खुंटी ठोकली तर तो कण्हला. काही वर्षांनी त्याच गावात तीन महिन्यांत सतरा माणसे दगावली, आणि जानेवारी १७३२ मध्ये योहान फ्ल्युकिंगर हा लष्करी शल्यवैद्य चौकशीला आला. त्याने थडगी उघडली आणि एकेका प्रेताची नोंद केली. साठीची एक बाई जिवंतपणी अगदी वाळलेली होती, ती थडग्यात गुबगुबीत झालेली आढळली. तिला ओळखणारे शिपाई थक्क झाले.

हा अहवाल मी वाचला तेव्हा मला आमच्या धंद्यातले दिवस आठवले. सिस्टिम मध्यरात्री कोसळते, ऑपरेटर प्रामाणिकपणे जे जे दिसले ते लिहून ठेवतो, आणि शेवटच्या रकान्यात कारण मात्र भलतेच घालतो. त्याचे निरीक्षण खोटे नसते. फ्ल्युकिंगरचेही नव्हते. पॉल बार्बर या अमेरिकन लोकविद्या-अभ्यासकाने १९८८ च्या पुस्तकात यातली एकेक खूण उलगडली आहे. प्रेतात वायू साठतो, म्हणून वाळलेली बाई फुगलेली दिसते. त्याच दाबाने आतला लालसर द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. वरची कातडी आणि नखे सुटतात, खालचा गुलाबी भाग 'नवा' वाटतो. छातीत खुंटी मारली की कोंडलेला वायू घशातून निघतो आणि कण्हल्यासारखा आवाज होतो. थंडीत, खोल मातीत शरीर महिनोन्‌महिने टिकते. प्रेत नेमके कसे आणि किती दिवसांत कुजते, हे गावात कोणी पाहिलेलेच नव्हते. पाहण्याची वेळ साथ आली की यायची, आणि तेव्हा डोके ठिकाणावर नसायचे. शेवटी सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याच्याकडून अहवाल मागवला आणि १७५५ मध्ये थडगी उकरण्याच्या या प्रकारांवर बंदी घातली.

हे सगळे जुन्या युरोपातले म्हणून सोडून द्यावे, तर अमेरिकेतले उदाहरण त्याहून अलीकडचे आहे. ऱ्होड आयलंडमधल्या एक्सेटर गावातल्या ब्राउन कुटुंबात आधी आई गेली, मग थोरली मुलगी. जानेवारी १८९२ मध्ये एकोणीस वर्षांची मर्सी गेली आणि मुलगा एडविन अंथरुणाला खिळला. शेजाऱ्यांनी बापाच्या मागे धोशा लावला, की या तिघींपैकी कोणीतरी एडविनला शोषते आहे. १७ मार्चला थडगी उघडली. आई आणि बहीण यांचे सांगाडे झालेले. मर्सी मात्र जशीच्या तशी, हृदयात रक्त. ती जमिनीत नव्हतीच, हिवाळ्यामुळे वरच्या दगडी खोलीत ठेवलेली होती. जानेवारी ते मार्चची थंडी आपल्याला कोणी समजावून सांगायला नको! डॉक्टरने सांगितले, हा क्षय आहे, यात चमत्कारिक काही नाही. तरी लोकांनी तिचे हृदय जाळले आणि राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले त्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती.

आपल्या विंडसरच्या नदीकाठीही अशी मंडळी होती. १७४९ पासून इथे वसलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचा 'लू-गारू' म्हणजे माणसाचा झालेला लांडगा, सात वर्षे ईस्टरचा प्रसाद चुकवला की ही गत. नदीपलीकडे डेट्रॉइटला 'नँ रूज' हा लाल बुटका संकटाआधी दिसतो म्हणतात, आणि २०१० पासून तिथे त्याची दर वसंतात मिरवणूक निघते. असो. ही रक्त पिणारी जात नव्हे.

मग आपल्याकडे? इथे एका इंग्रज अधिकाऱ्याचे ऋण मानावे लागते, आणि त्याचे नाव आपण वेगळ्याच कारणासाठी ओळखतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आला असताना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या तोच. शाळेच्या इतिहासात तो तेवढ्या एका वाक्यापुरता येतो. पण हा माणूस संस्कृतचा जाणकार होता आणि लोकसमजुती गोळा करत होता. गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांतून जमलेली ही सामग्री त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या अधिकाऱ्याने संपादित केली. कोकणचा भाग १९१५ मध्ये निघाला. त्यात आपली सगळी भुते ओळीने उभी आहेत.

ती यादी वाचताना मला एक गोष्ट जाणवली. आपली भुते म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची खतावणी आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेला तो मुंजा, पिंपळावर. निपुत्रिक गेला किंवा क्रियाकर्म झाले नाही तो समंध. सवाष्ण गेली ती जखीण, विधवा गेली ती लावसट. मेल्यावरसुद्धा बाईची नोंद नवऱ्यावरून! यांतले कोणीही मातीतून उठत नाही, कारण उठायला शरीरच शिल्लक नाही. आपण जाळतो. लहान मुले, संन्यासी, लिंगायत आणि आणखी कितीतरी जातींत पुरण्याची रीत आहे, तेव्हा हा नियम काटेकोर नाही, पण भुतांच्या कल्पनेवर ठसा उमटला तो चितेचा. युरोपातल्या मृताचे शरीर मागे राहते, म्हणून भीती शरीराची. आपल्याकडे मागे राहते ती वासना. म्हणून तिथे खुंटी लागते आणि इथे दहाव्याला कावळा शिवावा लागतो. (हिवाळ्यात आपल्या शेजारच्या चॅटमला हजारोंनी कावळे उतरतात, पण त्यांना पिंडाचे शिक्षण नाही.)

आणि वेताळ? त्याचे तर भाषांतरात वाटोळे झाले. बापू छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' १८३० मध्येच मराठीत आणली होती. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये त्यातल्या अकरा कथा इंग्रजीत सांगितल्या आणि शीर्षकात वेताळाला चक्क 'व्हँपायर' केले. तेव्हापासून इंग्रजी पुस्तकांत भारतीय व्हँपायर म्हणून आपल्या वेताळाचे नाव लागते. तो प्रेतात शिरतो, कोडी घालतो, मौन मोडले की पुन्हा झाडावर जातो, पण रक्त पीत नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला भाविक मोठाल्या चामडी चपला आणि केळी वाहतात. तो रात्री त्या घालून गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. ड्रॅक्युलाच्या रांगेत बसवलेला हा आपला गुरखा!

युरोपातल्या व्हँपायराच्या सर्वांत जवळची कोण असेल तर ती हडळ. मोकळे केस, उलटे पाय, पोकळ पाठ. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई हडळ होते आणि आपल्याच घराकडे परत येते, अशी समजूत. दहा दिवस हा आकडा उगीच आलेला नाही. बाळंतरोगाचा ताप त्याच दिवसांत यायचा. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये दाखवून दिले होते की तपासणाऱ्याने हात नीट धुतले तर या बाया वाचतात. मर्सीच्या मागे क्षय होता, हडळीच्या मागे न धुतलेले हात आणि गंजका विळा.

आणि बंदोबस्त कोणता? एन्थोवेनच्या त्याच पुस्तकात आहे. अशा बाईच्या प्रेतामागे वाटेवर राळे टाकत जायचे. ते बाजरीहून बारीक, पिवळे धान्य. सगळे दाणे वेचले तरच तिला परत येता येते. ते वाचले आणि मला विल्नोची खसखस आठवली. बाल्टिकचा किनारा कुठे, कोकण कुठे! कोणी कोणाकडून घेतले असेल असे मला वाटत नाही. आपल्याच माणसाला परत येऊ द्यायचे नाही, पण त्याच्यावर हातही उगारवत नाही, तेव्हा त्याच्यापुढे मूठभर दाणे टाकण्यावाचून दुसरे सुचत नसावे.

राळ्यांची गोष्ट मला पुस्तकाआधी माहीत होती, फक्त तिचा अर्थ माहीत नव्हता. माझ्या आजीची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात, सातव्या दिवशी गेली. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. आमच्या लहानपणी गावाच्या वळणावरच्या चिंचेखालून संध्याकाळी जायचे नाही असा दंडक होता, आणि का, ते मोठी मुले कुजबुजत सांगायची. ती चिंचेखालची म्हणजे आजीची सख्खी बहीण, हे कोणी सांगितले नाही. आजीच्या तोंडून मी तिच्याविषयी एकदाच ऐकले. सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, चुलते पुढच्या माणसांच्या मागून राळे टाकीत गेले, आणि मी दारात उभी राहून रडत होते. सगळ्यांना वाटले, ताई गेली म्हणून रडते आहे.

"ते होतंच रे," आजी म्हणाली, "पण मला ठाऊक होतं ना, ताईला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं."