शिंपल्यातील विषाची चाहूल देणारे ‘जैवसंवेदक’

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार हे गाव समुद्रापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. मात्र, डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये हा मार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. या मार्गावरील शेलूबाजारसारख्या ठिकाणी बर्फातील समुद्री मासळी पोहोचणे आता अवघड राहिलेले नाही. मासळी ताजी आहे की नाही, हे डोळे, कल्ले आणि वास यांवरून जाणकार गृहिणी ओळखते. काही समुद्री विषे मात्र अशी आहेत की, त्यांना रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत आणि बर्फात ठेवल्यानेही नाहीत. अशा विषांचा काही मिनिटांत माग काढणारे जैवसंवेदक, म्हणजेच बायोसेन्सर, विकसित करण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत.

विष येते कोठून?

ही विषे मासे किंवा शिंपले स्वतः तयार करीत नाहीत. समुद्रातील काही सूक्ष्म वनस्पतिप्लवक ती निर्माण करतात. तिसऱ्या, कालवे, शिनाणे हे जीव पाणी गाळून त्यातील प्लवक खातात. अनुकूल परिस्थितीत विषारी प्लवकांची संख्या एकाएकी वाढली की, त्यांचे विष शिंपल्यांच्या मांसात साठत जाते. शिंपल्याला त्याचा त्रास होईलच असे नाही. खाणाऱ्याला मात्र होतो.

यातील सॅक्सिटॉक्सिन सर्वाधिक घातक मानले जाते. ते मज्जातंतूंमधील सोडियमचा मार्ग रोखते. आधी ओठ आणि बोटे बधिर होतात; विषबाधा तीव्र असल्यास श्वसनाचे स्नायू निकामी होतात. त्यावर उतारा उपलब्ध नाही. रुग्णाला वेळेत कृत्रिम श्वासोच्छ्वास देणे हाच आधार ठरतो. ओकाडाइक आम्लामुळे जुलाब आणि उलट्या होतात, तर डोमोइक आम्ल मेंदूवर परिणाम करून स्मृती हिरावू शकते. कॅनडात १९८७ मध्ये डोमोइक आम्लयुक्त शिंपले खाल्ल्याने शंभराहून अधिक लोक आजारी पडले होते.

भारताचा पश्चिम किनाराही या संकटापासून अलिप्त नाही. मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीतील शिंपल्यांमुळे १९८३ मध्ये विषबाधा होऊन एका मुलाचा बळी गेला. केरळमधील विळिंजम येथे १९९७ मध्ये अशाच घटनेत सात जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे.

उंदरापासून इलेक्ट्रोडपर्यंत

आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनुसार शिंपल्याच्या एक किलो मांसात सॅक्सिटॉक्सिन गटातील विषे ०.८ मिलिग्रॅमपेक्षा, ओकाडाइक आम्ल गटातील विषे ०.१६ मिलिग्रॅमपेक्षा आणि डोमोइक आम्ल २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. १९३० च्या दशकापासून ही तपासणी उंदरावर होत असे. शिंपल्याचा अर्क उंदराला टोचून तो किती वेळात मरतो, यावरून विषाचे प्रमाण ठरविले जाई. या पद्धतीला नैतिक आक्षेप होतेच, शिवाय ती पुरेशी नेमकीही नव्हती. युरोपीय संघाने २०११ मध्ये ओकाडाइक आम्लासारख्या, मेदात विरघळणाऱ्या विषांसाठी उंदरांऐवजी रासायनिक पृथक्करणाची पद्धत स्वीकारली. ती अचूक आहे. परंतु त्यासाठी महागडी यंत्रे, कुशल तंत्रज्ञ आणि सुसज्ज प्रयोगशाळा लागते.

जैवसंवेदक येथेच उपयोगी पडतो. मधुमेही रुग्ण घरी वापरतात तो ग्लुकोमीटर हा जैवसंवेदकच होय. त्याचे मूळ अमेरिकी शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. अशा उपकरणाचे दोन भाग असतात. पहिला भाग विषाचा रेणू ओळखतो. त्यासाठी प्रतिपिंड, विकर किंवा ‘अ‍ॅप्टामर’ नावाचा डीएनएचा कृत्रिम धागा वापरतात. दुसरा भाग या ओळखीचे रूपांतर विद्युत किंवा प्रकाशीय संकेतात करतो. उदाहरणार्थ, ओकाडाइक आम्ल पेशीतील एका विशिष्ट विकराचे काम थांबवते. तेच विकर इलेक्ट्रोडवर बसविले की, त्याचे काम किती मंदावले यावरून विषाचे प्रमाण कळते.

मर्यादाही आहेत

सॅक्सिटॉक्सिनची पन्नासहून अधिक रूपे ज्ञात आहेत आणि एकच प्रतिपिंड ती सर्व सारख्याच क्षमतेने ओळखत नाही. शिंपल्याच्या मांसातील मेद व क्षार संकेतात अडथळा आणतात. प्रतिपिंड आणि विकरे उष्ण, दमट हवेत खराब होतात. कोकणासारख्या प्रदेशात ही मोठीच अडचण आहे. त्या दृष्टीने अधिक टिकाऊ असलेल्या अ‍ॅप्टामरकडे संशोधक आशेने पाहत आहेत. तूर्त जैवसंवेदकाचा उपयोग चाळणीसारखा करणेच इष्ट: संशयित माल बाजूला काढावा आणि अंतिम निर्णय प्रयोगशाळेने द्यावा.

खरा प्रश्न देशांतर्गत ग्राहकाचा आहे. निर्यातीच्या मालाला आयातदार देशांच्या कसोट्या पार कराव्या लागतात. खाडीत वेचून थेट बाजारात बसणाऱ्या बाईच्या टोपलीतील तिसऱ्यांच्या वाट्याला अशी तपासणी सहसा येत नाही. स्वस्त आणि बंदरावरच वापरता येईल असे उपकरण हाती आले, तर ग्राहकाचे आरोग्य आणि तिचा रोजगार दोन्ही सुरक्षित राहतील. तोपर्यंत समुद्राचे पाणी लालसर किंवा तपकिरी दिसत असताना तेथील शिंपले टाळावेत. मात्र पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्धोक समजू नये. शिंपले खाल्ल्यानंतर ओठ बधिर झाल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.