मनोऱ्याला सीमा दिसत नाही

महाराष्ट्र-गुजरात सीमेजवळच्या बोर्डीसारख्या गावात संकटकाळच्या फोनचा इतिहास पाहताना, फोन किती लवकर उचलला गेला यापेक्षा हाक मारणारा कुठे आहे हे पलीकडे कसे कळले, हे मला महत्त्वाचे वाटते. लँडलाइनच्या काळात ते तारेतूनच कळे. १०० फिरवला की कॉल डहाणूच्या ०२५२८ या पट्ट्यातल्या एक्स्चेंजातून जाई आणि फोनचा पत्ता नोंदीत असे. मोबाइलने ही खूण पुसली. कॉल आता मनोऱ्यामार्गे जातो, आणि बोर्डीपुढचे झाई गाव ओलांडले की गुजरात. १९६०ची राज्यांची सीमारेषा मनोऱ्याला दिसत नाही. पलीकडच्या मनोऱ्याने पकडलेली हाक पलीकडच्याच नियंत्रण केंद्रात वाजू शकते. गुजरातमध्ये १०८ रुग्णवाहिका सेवा २००७ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी आली आणि तिचे नियंत्रण पुण्यातून होते. क्रमांक एकच, पण यंत्रणा दोन.

जीपीएसने हा प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. २०१८ पासून नव्या मोबाइलमध्ये ते सक्तीचे झाले आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर ठिकाणही पाठवता येते. हे मोठेच पाऊल आहे. पण शेजारच्या तलासरीच्या पाड्यांत अनेकांकडे साधा फोन असतो, डोंगराआड रेंज तुटते. शिवाय ठिकाण कळले तरी गाडी कोणत्या राज्याने पाठवायची, हे ठरवायला माणसेच लागतात. म्हणून दोन्ही राज्यांच्या केंद्रांनी सीमेवरचे कॉल एकमेकांकडे विनाविलंब सोपवण्याची कायमची व्यवस्था आधी करायला हवी. नवे ॲप त्यानंतर.